चावीच्या घड्याळाला त्याचाच पार्ट हवा



चातुर्मासाच्या आधी कपाटे आवरायला काढली की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरात एक चावीचे घड्याळ हाती लागते. सासऱ्यांचे, वडिलांचे, कधी आजेसासऱ्यांचे. पट्टा वाळून कडक झालेला, काचेवर चरे, चावी दिली तर दोन मिनिटे टिकटिक आणि मग बंद. पुढचे बोलणेही ठरलेले असते. मुलगा म्हणतो, "आई, ठेवून दे, आता कोण वापरतंय?" सून म्हणते, "स्टेशनजवळ देऊ की, दोन-चारशे रुपयांत चालू करून देतील."

मुलाच्या बोलण्याने घड्याळाचे काही बिघडत नाही. ते डबीत पडून राहते, एवढेच. सुनेचे बोलणे प्रेमाचे असते, पण घड्याळाचा खरा घात बहुतेक वेळा तिथेच होतो. म्हणून आज याविषयी लिहिते आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. जुने चावीचे घड्याळ दुरुस्त करायचे असेल तर त्याच्याच मशीनचा पार्ट शोधून घालावा. तो मिळेपर्यंत घड्याळ बंद राहिले तरी चालेल. आणि कोणता पार्ट त्याचा, हे ओळखण्याचे निम्मे काम आपले आहे. ते सगळे घड्याळजींवर टाकून मोकळे होणे बरोबर नाही.

"आम्हाला त्यातले काय कळते?" असे म्हणू नका. हे काम आपण रोज करतो. कुकरची रिंग सैल झाली की दुकानात जाऊन नुसते "कुकरची रिंग द्या" म्हणत नाही. कंपनी कोणती, तीन लिटरचा की पाच लिटरचा, झाकण आत बसणारे की बाहेरून, हे सांगतो. शहाणी बाई जुनी रिंगच पिशवीत टाकून नेते. मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर घेताना किंवा शिलाई मशीनची बॉबिन केस घेताना आपण हेच करतो. चुकीची रिंग "जवळपास बसते" म्हणून लावली तर वाफ कुठून निघेल ते आपल्याला पक्के माहीत असते. घड्याळाचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही. माप फक्त फार बारीक आहे. ज्या दांडीवर घड्याळाचे बॅलन्स चाक झुलते, तिला बॅलन्स स्टाफ म्हणतात. तिचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. तिथे "जवळपास" हा शब्द चालत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. आपण समजतो की डायलवर जे नाव आहे, त्याच कंपनीचे आतले मशीन. पुष्कळदा तसे नसते. आपल्या वाडवडिलांच्या काळात फावर ल्युबा, वेस्ट एंड, रोमर, टिटोनी, कॅमी अशी स्विस घड्याळे घराघरांत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीचा तर जन्मच १८८६ साली आपल्या मुंबईच्या व्यापारातून झालेला. स्वित्झर्लंडमध्ये काही कंपन्या स्वतःची मशीन बनवत, पण पुष्कळ कंपन्या मशीनचा कच्चा सांगाडा दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेत, आपल्याकडे तो पॉलिश करून, जुळवून, आपल्या डायलखाली बसवत. असे सांगाडे बनवणारे मोठे कारखाने म्हणजे ए. शिल्ड, फॉन्टेनमेलॉन, ईटीए, युनिटास. यांतल्या ए. शिल्ड आणि फॉन्टेनमेलॉन यांच्यासारख्या कारखान्यांनी १९२६ साली एकत्र येऊन एबोश एस. ए. नावाची संस्था केली, पुढे बाकीचेही तिच्यात आले.

म्हणजे दोन वेगळ्या नावांच्या घड्याळांत एकच मशीन असू शकते, आणि एकाच नावाच्या दोन घड्याळांत दोन वेगळी मशीन. दुकानात जाऊन कंपनीचे नाव सांगून "यांचा स्टाफ द्या" म्हणणे म्हणजे "जोशींच्या घरच्या कुकरची रिंग द्या" म्हणण्यासारखे आहे. जोशींकडे कुकर कुठला, ते आधी बघायला नको का?

आपल्या देशी एचएमटीचे गणित जरा सोपे आहे. १९६१ साली बंगळुरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथेही कारखाने झाले. जनता, पायलट, जवान या चावीच्या घड्याळांत बहुतेक वेळा ०२३१ या क्रमांकाचे, १७ ज्वेलचे मशीन भेटते. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. त्यामुळे जनताचा पार्ट पायलटला बसण्याची शक्यता पुष्कळ. पण त्यावरून "एचएमटीचे सगळे सारखे" असे समजू नका. रजत आणि कांचन ही हाताच्या हालचालीवर चालणारी ऑटोमॅटिक, त्यांचे मशीन वेगळे. बायकांच्या छोट्या एचएमटीचे मशीन वेगळे. आणि मूळ सिटिझनचे असल्यामुळे "जुन्या सिटिझनचे बसते" असे बाजारात सर्रास सांगतात, त्यातले काही बसतेही. पण ते क्रमांक पडताळून ठरवायचे, नावावरून नाही.

२०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे जनता-पायलटचे नवे पार्ट आता कारखान्यातून येणार नाहीत. जे आहे ते घाऊक व्यापाऱ्यांच्या, घड्याळजींच्या डब्यांतले जुने शिल्लक, नाहीतर बंद पडलेल्या घड्याळांतून काढलेले. जुन्या स्विस मशीनचेही तसेच. जी वस्तू पुन्हा बनणार नाही, तिच्या बाबतीत एक चुकीचा प्रयोगही महाग पडतो. चुकीचा स्टाफ दाबून बसवताना बॅलन्सचे भोक मोठे झाले की मग बरोबर स्टाफ मिळूनही उपयोग नाही.

मग ओळखायचे कसे? घरी सुरीने मागचे झाकण उचकटू नका, ही पहिली विनंती. काही झाकणे दाबाची असतात, काही आट्यांची, आणि सुरी घसरली तर मशीनही जाते आणि बोटही. घड्याळजींना तुमच्या समोर झाकण उघडायला सांगा आणि मोबाइलने जवळून दोन-तीन स्वच्छ फोटो काढा. मोबाइलचा कॅमेरा आज भिंगाचे काम उत्तम करतो.

फोटोत काय शोधायचे, तेही सांगते. स्विस मशीनमध्ये सतत झुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या खाली किंवा शेजारी, तळपत्र्यावर, एका बारीक चौकटीत किंवा ढालीत कारखान्याची खूण असते आणि तिच्याजवळ एक क्रमांक. ए. शिल्डची असेल तर ए आणि एस ही अक्षरे, फॉन्टेनमेलॉनची असेल तर एफएचएफ. उदाहरणार्थ एफएचएफ आणि ९६ असे दिसले तर ते फॉन्टेनमेलॉनचे ९६ नंबरचे मशीन. कित्येक कंपन्यांच्या डायलखाली ते सापडते. हा क्रमांक म्हणजे मशीनची ओळख. याला कॅलिबर म्हणतात.

इथे तीन गोष्टींत गल्लत होते. पहिली, मागच्या झाकणावर बाहेर कोरलेला आकडा. तो बहुधा केसचा असतो, स्विस मशीनचा नव्हे. दुसरी, "१७ ज्वेल्स". ते मशीनचे नाव नाही. चावीच्या चांगल्या घड्याळात घर्षण कमी करण्यासाठी घातलेल्या खड्यांची ती संख्या आहे आणि शेकडो मशीनवर हेच लिहिलेले असते. (ते खडे कृत्रिम माणकाचे असतात, त्यांना दागिन्याची किंमत नाही. कोणी "आत माणके आहेत" म्हणून भाव सांगितला तर हसून सोडून द्या.) तिसरी, मशीनच्या पुलावर ठळक कोरलेले नाव. ते विकणाऱ्या कंपनीचे असते, सांगाडा बनवणाऱ्या कारखान्याचे असेलच असे नाही.

खूण पुसली गेली असेल किंवा नसेलच, तरी वाट बंद होत नाही. मग घड्याळजी दोन गोष्टी बघतात. एक, मशीनचा व्यास. स्विस लोक तो लीन नावाच्या जुन्या मापात सांगतात, एक लीन म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर, म्हणून साडेअकरा लीनचे मशीन साधारण २६ मिलिमीटरचे. दुसरी गोष्ट डायलखाली असते. चावी बाहेर ओढून काटे फिरवतो ना, ते काम करणाऱ्या छोट्या पट्ट्या आणि स्प्रिंगा डायलखाली असतात. प्रत्येक मशीनमध्ये त्यांचा आकार वेगळा. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. अमेरिकेतल्या बेस्टफिटच्या आणि जर्मनीतल्या फ्लूमेच्या जुन्या कॅटलॉगांत या पट्ट्यांची चित्रे छापलेली आहेत. चित्राशी चित्र जुळवायचे आणि कॅलिबर काढायचे. जुन्या, जाणत्या घड्याळजींना त्यातली कित्येक चित्रे पाठच असतात.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे यातला पुढचा भाग मला फार आवडला. स्विस कारखान्यांनी पार्टनाही ठरावीक नंबर दिले, आणि कारखाना कोणताही असो, कामाला नंबर तोच. ४०१ म्हणजे चावीची दांडी, ज्याला आपण स्टेम म्हणतो. ४४३ सेटिंग लिव्हर. ७०५ एस्केप चाक, ७१० पॅलेट, ७२३ बॅलन्स स्टाफ. खातेवहीत जशी प्रत्येक खात्याची शीर्षके ठरलेली, तशीच ही. पण नुसते शीर्षक सांगून खाते सापडत नाही, खातेदार कोण तेही लागते. म्हणून मागणी नेहमी जोडीने करायची: कारखाना आणि कॅलिबर, त्यापुढे पार्टचा नंबर. "एफएचएफ ९६, ७२३" असे चिठ्ठीवर लिहून दिले की ठाण्याचा घड्याळजी, मुंबईतला व्यापारी आणि परदेशातला विक्रेता, तिघांनाही एकच वस्तू कळते. भाषेचा प्रश्नच येत नाही.

कॅलिबर जुळले तरी आणखी दोन-तीन गोष्टी विचारायच्या असतात. एकाच कॅलिबरची दोन रूपे निघालेली असतात, एक धक्क्यापासून संरक्षण असलेले आणि एक नसलेले. दोघांचा स्टाफ वेगळा. त्या संरक्षणाच्याही जाती आहेत. स्विस घड्याळांत बहुधा इन्काब्लॉक, एचएमटीत पॅराशॉक. एकाची स्प्रिंग दुसऱ्यात बसत नाही. सेकंद काटा मधोमध आहे की खाली छोट्या गोलात, यानेही काही चाके बदलतात.

प्रत्येक पार्टसाठी एवढा घोळ घालावा लागतो का? नाही. मी मनाशी तीन वर्ग केले आहेत. पट्टा, पट्ट्याची पिन आणि काच ही मापाने बसली की झाले. त्यात मूळचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. चावीची मुठी आणि मुख्य कमान हा दुसरा वर्ग, इथे माप काटेकोर हवे. कमानीची तीन मापे असतात: रुंदी, जाडी, लांबी. जाड कमान घातली तर सुरुवातीला घड्याळ जोरात चालल्यासारखे वाटते, पण बॅलन्स गरजेपेक्षा जास्त झुलून ठोकर खाऊ लागतो, घड्याळ पुढे पळते आणि चाकांचे दाते झिजतात. आखूड कमान घातली तर एका चावीत दीड दिवस चालणारे घड्याळ पहाटेच बंद पडते. तिसरा वर्ग स्टेम, सेटिंग लिव्हर, चाके, पॅलेट, स्टाफ, बॅलन्स आणि त्याची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग यांचा. यांत कॅलिबरशिवाय एक पाऊल टाकू नये. बॅलन्स आणि हेअरस्प्रिंग तर एकमेकांशी जुळवलेली जोडी. एक ठेवून दुसरे भलतीकडचे घातले तर वेळ कधीच नीट लागत नाही.

हे न पाहिल्याने काय होते, त्याचे एक उदाहरण आमच्या ओळखीतले. डोंबिवलीतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांचे स्विस घड्याळ तिच्या भावाने एका दुकानात दिले. संध्याकाळी चालू होऊन परत आले, सगळे खूश. तीन-चार महिन्यांत चावी ओढताना दांडीसकट हातात आली. दुसऱ्या घड्याळजींनी उघडून दाखवले तेव्हा कळले की आतले मशीनच बदललेले होते. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या ठरावीक भोकांत बसतात. नव्या मशीनची भोके दुसरीकडे, म्हणून पाय कापून डायल चिकटपट्टीने चिकटवलेले. दांडी केसच्या भोकात तिरपी जात होती म्हणून निसटली. जुने मशीन कुठे गेले, ते कोणालाच सांगता येईना. वडिलांनी ज्याला रोज सकाळी चावी दिली ते यंत्र गेले, फक्त चेहरा उरला. वर भावंडांत "तू दिलेस, तू बघितले नाहीस" हे सुरू झाले ते वेगळेच. घड्याळाची बाजारातली किंमत असेल थोडीशी. पण त्या घरात जे दुखावले गेले त्याला किंमत लावता येत नाही.

याउलट ठाण्यात माझ्या नणंदेकडची पायलट. पडून स्टाफ तुटला होता. नौपाड्याच्या बाजूला बसणाऱ्या एका वयस्कर घड्याळजींनी समोर उघडून ०२३१ दाखवले आणि म्हणाले, "ताई, आज नाही होणार. पार्ट मिळाला की फोन करतो." तीन आठवडे लागले. मिळालेला स्टाफ त्यांनी जुन्याशेजारी ठेवून भिंगातून तिला दाखवला, मग बसवला. तुटलेला स्टाफ कागदाच्या पुडीत घालून परत दिला. दुकान छोटेसे, पण व्यवहार किती स्वच्छ!

आता तुमच्या मनातले आक्षेप. पहिला, "एवढी उठाठेव कशाला? आत बॅटरीचे मशीन टाकले की झाले." वेळच बघायची असेल तर मोबाइल आहे, बॅटरीचे स्वस्त घड्याळ आहे, ते जरूर घ्या. पण मग जुन्याच्या पोटात ते कशाला कोंबायचे? आपल्यापैकी काही घरांत सामायिकाला बसताना बॅटरीचे घड्याळ जवळ ठेवत नाहीत, ४८ मिनिटे मोजायला रेतीचे किंवा चावीचे घड्याळ लागते. त्या घरांत तर चावीच्या घड्याळात बॅटरी घालणे म्हणजे त्याचे कामच काढून घेणे.

दुसरा आक्षेप, "पार्ट मिळतच नाही, मग दुसऱ्या घड्याळातून काढला तर काय हरकत?" काहीच हरकत नाही, जर ते दुसरे घड्याळ त्याच कॅलिबरचे असेल आणि खरोखरच संपलेले असेल. मुंबईच्या चोर बाजारात अशी मोडकी घड्याळे मिळतात, आणि घड्याळजी त्यांतूनच कित्येक घड्याळे जगवतात. वस्तू पूर्ण वापरणे हा अपरिग्रहाच्याच वाटेवरचा विचार आहे. पण चालणारे घड्याळ मारून आपले जगवणे मला पटत नाही. एका घराची आठवण मोडून दुसऱ्या घराची दुरुस्त करायची, यात मिळवले काय?

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. सगळ्या घड्याळांवर पैसे घालावेतच असे नाही. पार्ट मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर साफ करून, कोरड्या डबीत, मशीनचा क्रमांक लिहून ठेवून द्या. बंद पण अस्सल घड्याळ उद्या चालू होऊ शकते. भलते पार्ट घातलेले घड्याळ परत अस्सल करणे फार अवघड.

याच ठिकाणी दुसऱ्या बाजूविषयीही बोलायला हवे. हल्ली जुनी एचएमटी, फावर ल्युबा नव्यासारख्या झगझगीत रंगांत, "रिस्टोअर केलेली" म्हणून ऑनलाइन विकतात. त्यातल्या पुष्कळांचे डायल नव्याने रंगवलेले, मशीन दोन-तीन घड्याळांतून जुळवलेले. जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत अशा मालाला "मुंबई स्पेशल" असे नाव पडले आहे, आणि ते कौतुकाने पडलेले नाही. आपल्या शहराच्या नावाला चिकटलेला हा शब्द वाचून मला वाईट वाटते. जुळवाजुळव केलेले घड्याळ विकणे हा दोष नाही. ते अस्सल म्हणून विकणे हा दोष आहे. आपल्याकडे अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे अस्सलात नक्कल मिसळून खपवणे. तो शब्द फक्त तुपात भेसळ करणाऱ्यासाठी नाही. आपल्या नातवाला "पणजोबांचे घड्याळ" म्हणून देताना आत पणजोबांचे काहीच उरलेले नसेल आणि ते आपल्याला माहीत असेल, तर आपणही त्याच रांगेत उभे राहतो.

आणि सगळा दोष घड्याळजींना देऊन चालणार नाही, हे मी आग्रहाने सांगते. आपण जातो संध्याकाळी, मागतो उद्या सकाळी, आणि देतो दोनशे रुपये. पार्ट शोधायला त्यांनी कल्याणहून मुंबईला जायचे, चार दुकाने फिरायची, त्याचे पैसे कुणी द्यायचे? मग डब्यात जे हाताला लागेल ते घासून बसवले जाते. सोन्याच्या दागिन्याला आपण सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी देतो, कुरकुर न करता. तशी पार्टची किंमत वेगळी, मजुरी वेगळी आणि शोधणावळ वेगळी द्यायला काय हरकत आहे? "वेळ लागू द्या, पण ह्याच नंबरचा घाला, शोधायचे वेगळे घ्या," हे एक वाक्य बोलून बघा. जाणत्या कारागिराचा चेहरा लगेच बदलतो. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधले हे जुने घड्याळजी आता वयस्कर झाले आहेत, पुष्कळांची मुले मोबाइल दुरुस्तीत गेली. त्यांच्या हातातली विद्या टिकायची तर आपल्या गिऱ्हाइकीची रीत बदलायला हवी.

शेवटी एक घरगुती काम सुचवते. एक छोटी वही घ्या. घरातल्या प्रत्येक चावीच्या घड्याळाला एक पान द्या. त्यावर लिहा: कोणाचे होते, डायलवर काय लिहिले आहे, झाकणावरचा नंबर, मशीनवरची खूण आणि कॅलिबर, किती ज्वेल. खाली तारखेने नोंद: कुठे दिले, कोणता पार्ट बदलला, किती पैसे दिले, जुना पार्ट परत मिळाला का. फोटो मोबाइलमध्ये आहेतच, पण एक प्रत छापून पानाला चिकटवा, मोबाइल बदलतात. परत मिळालेले जुने पार्ट पुडीत घालून डबीत ठेवा. पुढच्या घड्याळजींना मापाला तेच लागतात. आणि एखादा पार्ट मूळचा मिळालाच नाही, दुसरा घालावा लागला, तर तसे स्पष्ट लिहा. त्यात लाज नाही. जमाखर्चात न लिहिलेली रक्कमच संशयाची ठरते, लिहिलेली नाही.

दागिन्यांची यादी आपण करतोच, सुनेला आणि लेकीला काय द्यायचे तेही ठरवतो. त्या यादीत वडिलांच्या घड्याळाची एक ओळ वाढवायला फार वेळ लागत नाही. या रविवारी झाकण उघडून घ्या आणि क्रमांक लिहून ठेवा. दुरुस्ती सावकाश करा.

जय जिनेंद्र.